इसार घेऊन घरमालक टाळाटाळ करतोय? कर्जत-खालापूरमध्ये घर घेणाऱ्या उद्योजकांसाठी



"सर, इसार देऊन चार महिने झाले. घरमालक आज या, उद्या या करतोय. फोन केला की गावाला आलोय म्हणतो. काय करू?"

कर्जत, नेरळ, चौक, खोपोली या पट्ट्यात घर घेऊन धंदा सुरू करायला निघालेल्या लोकांचा हा ठरलेला प्रश्न आहे. कुणाला होम-स्टे काढायचा असतो, कुणाला मसाल्याचं छोटं युनिट, कुणाला डब्यांचं किचन. वर राहायचं, खाली काम करायचं, असा साधा हिशोब असतो.

समजा घराची किंमत ३२ लाख ठरली आणि ३ लाख इसार गेला. नोकरी करणाऱ्याचे ३ लाख अडकले तर त्याचा गृहप्रवेश लांबतो. तुमचे ३ लाख अडकले की तुमची चक्की, पॅकिंग मशीन आणि दिवाळीच्या हंगामाचा कच्चा माल अडकतो. जुन्या जागेचं भाडं चालू राहतं ते वेगळंच. म्हणून यावर रागाच्या नाही, धंद्याच्या डोक्याने विचार करायचा.

त्यासाठी आधी एकच गोष्ट शोधून काढा: या माणसाला विकता येत नाहीये, की त्याला विकायचंच नाहीये?

बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. फोन बंद, तारीख पुढे, "बघू की हो, कुठे पळून चाललोय." पण दोघांना एकच औषध चालत नाही. जो अडकलाय त्याला पहिल्याच आठवड्यात वकिलाची नोटीस गेली, तर मदत करणारा माणूस अंगावर येतो. आणि ज्याची नियत फिरलीय त्याच्याकडे वर्षभर चहा पीत बसलात, तर कोर्टात जायची मुदत तुमचीच संपत जाते.

या भागात मालक का फिरतात

कारण उघड आहे. पनवेल-कर्जत उपनगरी रेल्वेमार्गाचं काम दिसायला लागल्यापासून पनवेल, चिखले, मोहोपे, चौक, कर्जत ही पाच स्टेशनांची नावं प्रत्येक एजंटच्या तोंडी आहेत. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. मार्चमध्ये ३२ लाखाला हो म्हणालेल्या माणसाला ऑगस्टमध्ये शेजारी सांगतो, "वेडा आहेस का, चाळीस मिळतील." मग त्याचा फोन लागेनासा होतो. त्यात नवल काही नाही. तुमच्या हातातल्या मालाचा भाव वाढला असता तर तुमचंही मन चुळबुळलं असतं.

पण माझं मत विचाराल तर भाव वाढणं हे कारण लोक समजतात तितक्या वेळा खरं नसतं. तालुक्याच्या गावात बऱ्याचदा भानगड घरातल्या कागदात असते, आणि ती सांगायला मालकाला लाज वाटते.

कागद मालकाच्या आधी बोलतो

मालकाशी पुन्हा बोलण्याआधी एक दिवस कागदांना द्या. सातबारा, ८ अ आणि त्यामागचे फेरफार काढा. डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळतो. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये त्या मिळकतीची सूची दोन बघा. दुसऱ्या कुणाच्या नावाने साठेकरार किंवा गहाणखत नोंदलेलं असेल तर तिथे दिसू शकतं. सातबाऱ्यावरचा "इतर हक्क" हा रकाना तर बोट ठेवून वाचा. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, कुळाचं नाव, वारसांची नावं, सगळं तिथेच बसलेलं असतं. आणि जुनी मिळकत असेल तर तीस वर्षांचा शोध अहवाल वकिलाकडून घ्या. हा खर्च इसाराच्या आधी करायचा असतो. इसार गेला असेल तरी आता करा.

यातून काय निघतं ते सांगतो.

सगळ्यात जास्त वेळा निघतात बहिणी. वडील गेले, घर भाऊ वापरतोय, व्यवहार त्यानेच ठरवला, पण उताऱ्यावर दोन बहिणी आणि एक आत्या आहे. "त्या काय, सांगितलं की सही करतील." तसं होत नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्यातली दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू आहे आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क आहे. वडील त्या तारखेला हयात नसले तरी हा हक्क राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. म्हणजे बहिणीची सही हा उपचार राहिलेला नाही, तो तिचा हिस्सा आहे. भाऊ तुम्हाला टाळतोय कारण बहीण त्याला टाळतेय.

इथे तुम्ही मदत करू शकता. काकांना असं विचारून बघा: "काका, उताऱ्यावर ताईंची नावं आहेत. त्यांचा हिस्सा मी खरेदीखताच्या दिवशी थेट त्यांच्या खात्यात भरतो, चालेल का? तुमच्या हातून जायलाच नको." बहिणीला भावाच्या शब्दापेक्षा आपल्या नावाचा डीडी जास्त पटतो. त्यांना हिस्सा नको असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र, हवा असेल तर खरेदीखतावर लिहून देणार म्हणून त्यांचीही सही. तोंडी "त्यांची हरकत नाही" याला काडीची किंमत नाही.

एखादा भाऊ दुबईत किंवा अमेरिकेत असतो. त्याचं कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून आणायचं आणि इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं. शिवाय विकणारा अनिवासी असेल तर त्याच्या हिश्शावर टीडीएसचे नियम वेगळे लागतात. निवासी विक्रेत्यासाठी असलेली ५० लाखांची मर्यादा तिथे लागू होत नाही. सीएला विचारल्याशिवाय पैसे सोडू नका.

दुसरं निघतं कर्ज. मालकाचं गृहकर्ज बाकी आहे, मूळ कागद बँकेत आहेत, आणि ते सोडवायला त्याच्याकडे पैसे नाहीत. म्हणून तो "कागद शोधतोय" म्हणतो. यात घाबरण्यासारखं काही नाही. बँकेकडून बाकी रकमेचं पत्र आणि ठेवलेल्या कागदांची यादी मागवा आणि तुमचा हप्ता थेट त्याच्या कर्जखात्यात भरा, मालकाच्या बचत खात्यात नको. कर्ज फिटल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत द्यायचे आणि बँकेच्या बाजूने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा १३ सप्टेंबर २०२३ चा आदेश आहे. "बँकच देत नाही हो" असं मालक म्हणाला तर त्याला हे दाखवा.

तिसरं, गावठाणातलं घर. सातबारा नसतो, मालक घरपट्टीचा उतारा पुढे करतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर कोण भरतो ते सांगतो, मालक कोण ते सिद्ध करत नाही. काही गावांत स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका आल्या आहेत. तुमच्या गावात आली असेल तर ती आणि घरपट्टी यांतली नावं जुळतात का बघा. जुळत नसतील तर मालकाची टाळाटाळ समजून घ्या. त्याला स्वतःलाच माहीत नाही की त्याने काय विकलंय.

आणि चौथं असं, की तिथे कितीही गोड बोललात तरी उपयोग नाही. कर्जत आणि खालापूरमध्ये ठाकूर, कातकरी समाजाच्या जमिनी आहेत. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला द्यायची तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे शासनाच्या मान्यतेने जिल्हाधिकाऱ्यांची आधी परवानगी लागते. भोगवटादार वर्ग २ ची जमीन असेल तरी परवानगीची वाट आहेच. आणि "फार्महाऊस" म्हणून दाखवलेलं घर शेतजमिनीवर असेल, तुम्ही शेतकरी नसाल, तर कुळकायद्याचं कलम ६३ तुमच्याच आड येतं. अशा ठिकाणी एजंट "आधी कुलमुखत्यारपत्र करून घ्या, नंतर बघू" असं सुचवतो. असं करू नका. मुखत्यारपत्रावर मालकी मिळत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प खटल्यात २०११ सालीच सांगून ठेवलंय. तिथे इसार परत मागणं हाच व्यवहार.

विकायचंच नाही, तेव्हा

कागद स्वच्छ आहेत, बहिणी तयार आहेत, कर्ज नाही, आणि तरी तारीख मिळत नाही. मग ओळखा की भाव बदललाय.

आता तुमच्या हातात काय आहे ते बघा. नोंदवलेला साठेकरार असेल तर तुम्ही भक्कम आहात. नोंदणी शुल्क किमतीच्या १ टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये, आणि साठेकरारावर भरलेलं मुद्रांक शुल्क पुढे खरेदीखताच्या शुल्कात धरलं जातं, म्हणून "दोनदा खर्च कशाला" हे एजंटचं म्हणणं ऐकू नका. नोंदणीचा खरा फायदा वेगळा आहे. करार सूची दोनमध्ये आला की नंतर येणारा गिऱ्हाईक "मला माहीतच नव्हतं" म्हणू शकत नाही.

हातात फक्त पाचशेच्या स्टॅम्पपेपरवरची नोटरी असेल तर? ती अगदीच रद्दी नाही. नोंदणी न झालेला करार करारपूर्तीच्या दाव्यात पुरावा म्हणून दाखवता येतो. पण अपुरं मुद्रांक शुल्क आणि दंड भरल्याशिवाय कोर्ट तो पुराव्यात घेत नाही. आणि इसार रोख दिला असेल तर अवघड आहे. तसंही मिळकतीच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त आगाऊ रक्कम रोखीने घ्यायला प्राप्तिकर कायद्यात मनाई आहे आणि दंड घेणाऱ्याला बसतो. "रोखच द्या" म्हणणाऱ्या मालकाला हे सौम्य आवाजात सांगून बघा, तो चेकला तयार होतो.

एक कलम मात्र बघाच. बऱ्याच इसारपावत्यांवर लिहिलेलं असतं, "विकणाऱ्याने व्यवहार मोडल्यास इसाराच्या दुप्पट रक्कम देईल." घेणाऱ्याला हे वाचून बरं वाटतं. मला हे वाक्य आवडत नाही. ३२ लाखांचं घर ४० ला जात असेल तर ३ लाख वर देऊन मोकळं होणं मालकाला परवडतंच ना! कायद्यात रक्कम लिहिली म्हणून करारपूर्ती मागता येत नाही असं नाही. विशिष्ट अनुतोष कायद्याचं कलम २३ तसं सांगतं. पण ती रक्कम करार पाळला जावा म्हणून धाक म्हणून लिहिली होती, की मालकाला पैसे देऊन सुटायचा पर्याय म्हणून, यावर वाद होतो. म्हणून वाक्य असं घाला की दुप्पट रक्कम मागायची की खरेदीखत करून मागायचं, हे ठरवायचा अधिकार घेणाऱ्याचा राहील.

आता नोटीस. वकिलाकडून पाठवा, भाषा सरळ ठेवा: कराराची तारीख, दिलेले पैसे, बाकी रक्कम, ती तयार असल्याचं सांगणं, आणि अमुक दिवशी अमुक वाजता दुय्यम निबंधक कार्यालयात या. आता रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालंय, त्यामुळे स्पीड पोस्टने पाठवून पोच जपून ठेवा. सोबत तोच मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवरही टाका. त्या दिवशी स्वतः कार्यालयात जा, मालक येणार नाही हे माहीत असलं तरी.

हे कशासाठी? करारपूर्तीच्या दाव्यात, ज्याला वकील स्पेसिफिक परफॉर्मन्स म्हणतात, कोर्ट घेणाऱ्यालाच आधी विचारतं: तू तुझी बाजू पाळायला तयार होतास का, आणि सतत होतास का? कलम १६ मध्ये ही अट आहे. पैसे कोर्टात आणून ठेवायची सक्ती नाही, कोर्टाने सांगेपर्यंत. पण ते कुठून येणार होते ते दाखवावं लागतं. बँकेचं कर्जमंजुरीचं पत्र, मुदत संपत आली की त्याचं नूतनीकरण, खात्याचे उतारे, मोडलेली एफडी, सगळं एका फाईलला लावा. मालक नाठाळ होता हे सिद्ध करूनही घेणारा हरू शकतो, जर मधल्या काळात त्याने बाकीचे पैसे धंद्यात घालून टाकले असतील आणि कर्जमंजुरीही संपू दिली असेल. उद्योजकांना हा मोह फार असतो. "तोवर माल भरून घेऊ" म्हणत घराचे पैसे दुकानात जातात. घर खरंच हवं असेल तर त्या पैशांना हात लावू नका. आणि हात लावायची वेळ आली असेल तर घर सोडा, इसार परत घ्या. दोन्ही डगरींवर पाय ठेवून हा दावा जिंकता येत नाही.

मुदत तीन वर्षं आहे. करारात खरेदीखताची तारीख लिहिली असेल तर त्या तारखेपासून. नसेल तर मालकाने नकार दिल्याचं तुम्हाला कळल्यापासून. पण तीन वर्षं आहेत म्हणून अडीच वर्षं थांबू नका. भाव वाढत असताना गप्प बसलेल्या घेणाऱ्याकडे कोर्ट संशयाने बघतं. १ ऑक्टोबर २०१८ पासून कायदा बदलला आणि करारपूर्ती द्यायची की नाही हे पूर्वीइतकं न्यायाधीशांच्या मर्जीवर राहिलेलं नाही, हे घेणाऱ्याच्या बाजूचं आहे. दाव्यात दोन गोष्टी वकिलाकडून लिहून घ्या. एक, करारपूर्ती नाहीच झाली तर इसार व्याजासह परत, ही मागणी स्पष्ट शब्दांत. न मागता ती मिळत नाही. दोन, मिळकत तिसऱ्याला विकू नये म्हणून तात्पुरता मनाई हुकूम, आणि दावा चालू असल्याची नोटीस, म्हणजे लिस पेंडन्स, दुय्यम निबंधकाकडे नोंदवणं. महाराष्ट्रात ही नोंद महत्त्वाची आहे.

पोलिसात जाऊ का, हे विचारणारे असतात. एकच घर दोघांना विकलं, खोट्या सह्या केल्या, मयत माणूस उभा केला, तर जा. नुसतं टाळतोय म्हणून गेलात तर "दिवाणी बाब आहे" असं उत्तर मिळेल आणि ते बरोबर असेल.

सही केली, पण नोंदणीला येत नाही

हे फार थोड्यांना माहीत असतं, म्हणून सांगतो. कधी मालक घरी बसून खरेदीखतावर किंवा साठेकरारावर सही करतो, पैसे घेतो आणि नोंदणीच्या दिवशी गायब होतो. लोक समजतात, झालं, संपलं. तसं नाही. सही झाल्यापासून चार महिन्यांत तो दस्त तुम्ही एकटे दुय्यम निबंधकासमोर सादर करू शकता, आणि मालकाला हजर करण्यासाठी समन्स काढायची विनंती करू शकता. चार महिने उलटले तर आणखी चार महिने, पण दंड भरून. मालकाने येऊन सही नाकारली तर दुय्यम निबंधक नोंदणी नाकारतो. त्यावर ३० दिवसांत जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो, तिथे सही खरी की खोटी याची चौकशी होते. तिथेही नकार आला तर पुन्हा ३० दिवसांत दिवाणी दावा. या दोन्ही ३० दिवसांना लवचिकता नाही, कॅलेंडरवर लाल खूण करा.

बिल्डरकडून नवीन फ्लॅट घेताय तर गोष्ट वेगळी. तिथे रेरा आहे: नोंदणीकृत कराराशिवाय १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, आणि ताबा लांबला तर महारेराकडे जाता येतं. जुनं घर मालकाकडून घेताना रेरा मदतीला येत नाही. आणि सोसायटीतला फ्लॅट असेल, मालक "सोसायटी एनओसी देत नाही" म्हणून थांबवत असेल, तर आदर्श उपविधींप्रमाणे विक्रीला सोसायटीची एनओसी सक्तीची नाही, आणि हस्तांतरण अधिमूल्य कुठेही २५,००० च्या वर जात नाही. बँकेला ती हवी असते, हा भाग निराळा.

तडजोड करायची असेल तर

कोर्टाचा दावा वर्षानुवर्षं चालतो. तुमचा धंदा तेवढं थांबतो का, हा हिशोब मी तुमच्यासाठी करू शकत नाही. पण दावा न टाकताही एक दार आहे. कर्जत आणि खालापूर, दोन्हीकडे न्यायालय आहे. तिथल्या तालुका विधी सेवा समितीकडे दाखलपूर्व प्रकरण म्हणून अर्ज द्या. मालकाला नोटीस जाते, लोकअदालतीत दोघांना समोर बसवतात. कोर्ट फी लागत नाही. समझोता झाला तर त्या निवाड्याला दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याची ताकद असते आणि त्यावर अपील नाही. गावातल्या चार लोकांसमोर बसण्यापेक्षा हे बरं, कारण इथलं लिहिलेलं बजावता येतं.

त्या टेबलावर मालक दोन लाख वाढवून मागेल. द्यायचे की नाही ते आकड्यांवर ठरवा: सहा महिन्यांचं जुन्या जागेचं भाडं, हुकलेला हंगाम, वकिलाची फी, एका बाजूला मांडा. अपमानाची रक्कम त्यात धरू नका. वाढीव पैसे द्यायचे ठरले तर ते खरेदीखताच्या दिवशी, डीडीने, आणि खरेदीखतात पूर्ण किंमत दाखवून.

आणि घर सोडून पैसे परत घ्यायचे ठरले, तर मालक म्हणेल, "आधी रद्दलेख करून द्या, मग चेक देतो." क्रम उलटा ठेवा. रक्कम खात्यात जमा झाल्याचं बँकेने दाखवल्यावरच साठेकरार रद्द करण्याचा दस्त नोंदवा; तोवर तुमचं नाव सूची दोनमध्ये आहे आणि मालकाला दुसरं गिऱ्हाईक सहज मिळत नाही. त्याने पुढच्या तारखेचा चेक दिला आणि तो परत आला, तर बँकेचा मेमो हातात पडल्यापासून ३० दिवसांत वकिलाची नोटीस गेली पाहिजे. ती मिळाल्यावर पैसे भरायला त्याला १५ दिवस असतात, आणि ते उलटले की पुढच्या एका महिन्यात चेकची केस दाखल करावी लागते.